आधी फॉलोअपचं बघा, मग सिनॉप्सिस लिहा : कान-नाक-घसा विभागातल्या नव्या संशोधकांसाठी

माझ्या थिसिसच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींच्या तक्त्यात, एका रकान्याखाली एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे : ‘आला नाही’. विषय कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेचा होता. मे-जून महिन्यात भरपूर सर्जऱ्या मिळाल्या म्हणून मी खूष होतो. ऐकू येण्याची शेवटची तपासणी सहा महिन्यांनी ठेवली, कारण आंतरराष्ट्रीय पेपरात तसंच होतं. नोव्हेंबर उजाडला आणि ऑडिओमेट्रीच्या खोलीबाहेरचा बाक रिकामा. फोन लावले तर अर्धे बंद. एकाने उचलला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आम्ही तिकडं कर्नाटकात कारखान्यावर हावोत. शिमगा झाला की येतो.”

ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, शिपाईमामांना हे सांगितलं तर ते हसलेच. “उसाला गेलेलं माणूस कानासाठी माघारी येतं व्हय, सर?” मामांना जे माहीत होतं ते मला, माझ्या गाईडना आणि सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मंजूर करणाऱ्या समितीला सुचलं नव्हतं. त्या चुकीतून जे शिकलो ते इथं मांडतो आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहे तो छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशा ठिकाणी कान-नाक-घसा विभागात नुकताच रुजू झालेला ज्युनिअर रेसिडेंट. हौसेने छोटा प्रकल्प करू पाहणाऱ्या एमबीबीएसच्या मुलामुलींनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिले पंधरा दिवस नुसती वही

विषय शोधायला लायब्ररीत किंवा इंटरनेटवर जाण्याआधी ओपीडीत एक वही घेऊन बसा. पेशंट त्याची तक्रार ज्या शब्दांत सांगतो ते शब्द जसेच्या तसे लिहा. ‘कान फुटला’, ‘कान वाहतो’, ‘दडे बसले’, ‘ठणका लागला’, ‘घोळणा फुटला’, ‘नाकाचं हाड वाढलंय’, ‘भोवळ येते’, ‘तोंडावरून वारं गेलं’. पुढे प्रश्नावली तयार करताना हे शब्द लागतातच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या महिन्यात कोणता शब्द वाढतो ते दिसायला लागतं.

एप्रिल-मेच्या उन्हात घोळणा फुटलेली पोरं येतात. सुट्टीत विहिरीत पोहून झालं की वाहते कान येतात. पावसाळ्यात कानातली बुरशी वाढते. काळे ठिपके असलेलं, भिजलेल्या कागदासारखं काहीतरी कानातून निघतं, ते बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायगर असतं. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली, गाजरगवत फुललेलं असलं, की शिंका आणि चोंदलेली नाकं. आणि बीडच्या बालाघाटात सीताफळांचा हंगाम आला की श्वासनलिकेत बी अडकलेलं लेकरू रात्री अडीच वाजता आणलं जातं. शेंगदाण्याला मात्र हंगाम लागत नाही.

या वहीतून प्रश्न आपोआप वर येतात. श्वासनलिकेतल्या वस्तूचंच घ्या. लेकरू ठसकल्यापासून ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं) होईपर्यंत किती तास जातात, आणि त्यातले किती ‘बघू सकाळी’ म्हणण्यात जातात? नाकात गेलेल्या तुरीच्या दाण्यावर घरी कोणते उपाय झाले? कान वाहतो म्हणून आलेल्या किती जणांनी आधी लसणाचं कोमट तेल घातलं होतं? हे प्रश्न साधे वाटतात, पण त्यांची उत्तरं तुमच्या जिल्ह्यासाठी कुणी दिलेली नसण्याची शक्यता मोठी. उलट ‘अमुक आणि तमुक यांचा तौलनिक अभ्यास’ अशा मथळ्याचे प्रबंध प्रत्येक विभागाच्या कपाटात धूळ खात पडलेले आहेत. त्यातलाच एक पुन्हा करू नका.

प्रश्नाला कुंपण घाला

प्रश्न सापडला की त्याचे पाच तुकडे करा. कोणते पेशंट, त्यांना काय देणार, त्याची तुलना कशाशी, मोजणार काय, आणि किती दिवसांनी. पाचवा तुकडा सगळे घाईत लिहितात. मराठवाड्यात तोच सर्वांत आधी लिहायला हवा.

आपल्याकडचं कॅलेंडर समोर ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे मधेच गावी येणं त्यांच्या हातात नसतं. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडचा मोठा वर्ग मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतो. जूनमध्ये मृग लागला की शेतकरी पेरणी सोडून येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांना रोजगार बुडवणं परवडत नाही. यातून उरतो तो तुमचा फॉलोअप, म्हणजे उपचारानंतरच्या तपासणीचा काळ.

म्हणजे पडद्याचीच शस्त्रक्रिया घ्यायची असेल तर असा हिशोब बसतो : एप्रिलमध्ये सर्जरी, टाके काढणं आणि पहिली तपासणी मृगाच्या आत, मुख्य निष्कर्ष तीन महिन्यांवर, म्हणजे जुलै अखेरीला. पेरण्या उरकलेल्या असतात आणि टोळ्या निघायला वेळ असतो. पडदा धरला की नाही, म्हणजे भोक बुजलं की नाही, आणि ऐकू येण्यात फरक पडला की नाही, हे तीन महिन्यांवर मोजणं शास्त्रीयदृष्ट्याही मान्य आहे. सहा महिने किंवा वर्षाची तपासणी हवी तर ठेवा, पण दुय्यम म्हणून.

काही विषय मुळातच फॉलोअपला सोपे असतात. मान वळवली की गरगरणारी चक्कर, म्हणजे बीपीपीव्ही. डिक्स-हॉलपाइक चाचणीने निदान, एप्लीच्या कृतीने उपचार, आणि फरक पडला का ते त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात कळतं. हातात वेळ कमी आणि पेशंट लांबचे असतील तर मी असा विषय घ्यायला सांगेन.

नमुना म्हणून एक अभ्यास मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. तोंडावरून वारं गेलेल्या, म्हणजे बेल्स पाल्सीच्या पेशंटवर स्कॉटलंडमध्ये झालेली चाचणी, २००७ साली प्रसिद्ध झालेली. प्रश्न एका वाक्यात मावतो : पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं तर चेहरा जास्त वेळा पूर्ववत होतो का, आणि असायक्लोव्हिर हे विषाणूंवरचं औषध दिल्याने काही भर पडते का? नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांत ८१.६ टक्के. असायक्लोव्हिरने काही भर पडली नाही. प्रेडनिसोलोन स्वस्त, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळणारं. पण माझं लक्ष जातं ते दुसऱ्या आकड्याकडे : ५५१ जणांचं गटांत वाटप झालं आणि त्यातल्या ४९६ जणांचा शेवट त्यांना माहीत होता. दहातले नऊ. चेहऱ्यांचे फोटो काढले आणि कुणाला काय दिलंय हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी ते तपासले. यात भारी यंत्र एकही नव्हतं.

अभ्यासाचा प्रकार

इथं फार डोकं खाजवू नका. ‘किती आणि कोणाला’ विचारायचं असेल तर निरीक्षणात्मक अभ्यास पुरतो. ‘कशामुळे’ विचारायचं असेल तर आजार असलेले आणि नसलेले, दोन्ही लागतात. ‘कोणता उपचार बरा’ विचारायचं असेल तर पेशंटचं गटांत वाटप करून चाचणी. जुने केसपेपर बघून काही शोधायचं असेल तर आधी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन वीस पेपर उघडून बघा. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, वॉर्ड भरले तेव्हाचे पेपर पुढे अनेकांना अभ्यासाला हवे होते. ज्या विभागाने त्या धावपळीतही रक्तातली साखर, स्टेरॉइडचे दिवस आणि अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचा डोस नीट लिहून ठेवला, त्यांनाच काही लिहिता आलं. बाकीच्यांकडे ‘ट्रीटमेंट कंटिन्यू’ एवढंच होतं.

किती पेशंट लागतील

‘तीस इकडे, तीस तिकडे’ हा आपल्याकडचा ठरलेला भाव. याला कोणताही आधार नाही.

एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचं असेल तर चार गुणिले प्रमाण गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले जेवढी चूक चालेल तिचा वर्ग. अंदाजे २० टक्के लोकांत ती गोष्ट असेल आणि ५ टक्के चूक चालणार असेल तर ४ × २० × ८० ÷ २५, म्हणजे २५६.

तुलना करायची असेल तर गणित वेगळं. समजा पडद्याला ठिगळ म्हणून कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला असलेल्या स्नायूवरचा फेशियाचा पापुद्रा आणि ट्रेगसची (कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याची) कूर्चा, यांत पडदा धरण्याचं प्रमाण ८५ आणि ९५ टक्के असेल असं तुम्ही मानता. हा दहा टक्क्यांचा फरक ८० टक्के ताकदीने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीवर (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) पकडायचा तर प्रत्येक गटात १३८ जण लागतात. तीसच्या गटात हा फरक दिसला नाही म्हणून ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ असं लिहिणं म्हणजे अंधारात सुई सापडली नाही म्हणून ती घरात नाही असं म्हणणं.

आता तोच अभ्यास वेगळ्या मापाने करा. ऐकू येण्यातला सरासरी ५ डेसिबलचा फरक शोधायचा आणि प्रमाण विचलन ८ असेल तर प्रत्येक गटात ४१ पुरतात. पाचातला एक परत येणार नाही असं धरा, ५२ घ्या. हे तीन वर्षांत एका विभागात जमण्यासारखं आहे. काय मोजायचं यावरच पेशंटची संख्या ठरते. म्हणून सांख्यिकी तज्ज्ञाकडे डेटा गोळा झाल्यावर जाऊ नका. प्रश्न ठरताना जा. सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात असा माणूस असतोच, आणि चहा पाजला की तो प्रेमाने सांगतो.

परवानग्या आणि चिठ्ठीवाली आजी

कागदांचा क्रम असा : विभागाची संशोधन समिती किंवा कॉलेजची वैज्ञानिक समिती, मग नैतिक समिती, मग सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी, आणि त्यानंतरच पहिला पेशंट. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी बसून वाचा. तुमची नैतिक समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदवलेली आहे का, हे २०१९च्या नव्या नियमांनंतर विचारून घ्यावं लागतं. सीटीआरआय २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मात्र १ एप्रिल २०१८ पासून चाचण्यांची नोंद पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, मागाहून होत नाही. ‘पेपर छापायच्या वेळी बघू’ म्हणणारे इथंच अडकतात. नव्या औषधाची चाचणी असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, गंभीर त्रास झाला तर २४ तासांत कळवणं, नुकसानभरपाई असा सगळा वेगळा संसार आहे. पहिल्याच प्रकल्पात त्यात पडू नका.

संमतीपत्राला मात्र वेळ द्या. आपल्याकडचं बहुतेक मराठी संमतीपत्र हे मराठी नसतंच. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास्तव मी स्वेच्छेने अनुमती प्रदान करीत आहे’ हे वाक्य पेशंट ऐकतो तेव्हा त्याला एवढंच कळतं की सरकारी कागद आहे, अंगठा द्यायचा आहे. एकदा मी सरळ बोलून बघितलं.

“आजी, कानाच्या पडद्याला ठिगळ लावायच्या दोन पद्धती हायत. तुम्हाला कोणती करायची ते मी ठरवणार नाही, चिठ्ठी ठरवणार.”

आजीनं पदर सावरला. “म्हंजे कोणती चांगली ते तुम्हालाच ठावं नाही व्हय?”

“नाही ना, आजी. म्हणून तर करतोय.”

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग सुनेकडे बघून म्हणाली, “खरं तरी बोलतोय.” आणि अंगठा दिला. संशोधनाच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे. डॉक्टरला खरोखरच माहीत नसेल तेव्हाच चिठ्ठी टाकणं नैतिक ठरतं. आजीनं ते एका प्रश्नात तपासलं.

वाचता न येणाऱ्या माणसाला कागद वाचून दाखवताना तिऱ्हाईत साक्षीदार हवा. तो तुमचा सहकारी रेसिडेंट नको, तुमच्या चमूशी संबंध नसलेला कुणीतरी. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या शब्दांत सांगून त्याचा तोंडी होकार घ्या, बारा वर्षांपुढे लेखी. आईबापाची संमती वेगळी, ती हवीच. बाईची संमती बाईचीच. नवऱ्याला विचारायचं असेल तर तिला वेळ द्या, पण सही नवऱ्याची चालत नाही. आणि एक वाक्य ठळक करून म्हणा, दोनदा म्हणा : “नाही म्हणालात तरी इथला इलाज तसाच होणार.” सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणारा माणूस डॉक्टरला नाही म्हणायला बिचकतो, हे आपण विसरायचं नाही.

मोजमाप : रुपयातले आणे

दुखण्यासाठी दहा सेंटिमीटरची रेघ काढायची आणि पेशंटने त्यावर खूण करायची, ही पद्धत जगभर चालते. निलंग्याच्या म्हाताऱ्याला ती रेघ दाखवली की तो बरोबर मध्यावर खूण करतो, कारण मध्य सभ्य असतो. त्याच माणसाला विचारा, “किती फरक पडला?” तो लगेच सांगेल, “रुपयात बारा आणे.” हे उत्तर अचूक आहे. पण म्हणून तुम्ही मनाने त्याचे पंचाहत्तर टक्के करून रकान्यात भरू नका. आधी ठरवा, प्रोफॉर्म्यात (पेशंटच्या माहितीच्या छापील तक्त्यात) तसं छापा, समितीला दाखवा, आणि सगळ्यांना एकाच पद्धतीने विचारा. नाहीतर चेहऱ्यांची चित्रं असलेली पट्टी वापरा.

परक्या प्रश्नावल्यांत असंच फसायला होतं. चकरेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २५ प्रश्नांच्या एका यादीत सुपरमार्केटच्या रांगांमधून चालताना त्रास वाढतो का, असा प्रश्न आहे. पाटोद्याच्या बाईला हा प्रश्न कसा विचारणार? ‘आठवडी बाजारातून चालताना’ असं मनाने बदललं की प्रश्नावलीचं प्रमाणीकरण गेलं. तपासून घेतलेलं मराठी भाषांतर उपलब्ध असेल तर तेच वापरा. नसेल तर परवानगी घेऊन, मराठीत आणून, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत नेऊन, थोड्या लोकांवर करून बघा. याला तीन-चार महिने जातात. तेवढा वेळ नसेल तर दुसरं माप निवडा.

ऑडिओमेट्री करताना पुढच्या गोष्टी लिहून ठेवा : यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं, खोली ध्वनिरोधक आहे का, मास्किंग केलं का (एक कान तपासताना दुसऱ्यात आवाज सोडून तो झाकणं). ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी धरणार की पहिल्या तिघांचीच, हे आधी ठरवा. बहिरेपणाचे टप्पेही कोणते ते लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात २० डेसिबलपासून सौम्य बहिरेपणा सुरू होतो, जुन्यात २६ पासून. एकाच पेशंटला दोन प्रबंधांत दोन वेगळी लेबलं लागलेली मी पाहिली आहेत. आणि वीज गेल्यावर जनरेटर सुरू असताना घेतलेला ऑडिओग्राम रद्द समजा, पेशंटला चहा पाजून थांबवा.

व्यसनाचा प्रश्न विचारण्याची एक रीत आहे. “तंबाखू खाता का?” विचारलं तर बाई नाही म्हणते. “मिसरी लावता का?” विचारलं तर, “ती तर लावतेच की.” तरण्या पोराला बापासमोर गुटख्याबद्दल विचारू नका, बापाला केसपेपर काढायला पाठवा आणि मग “दिवसाला किती पुड्या?” असं विचारा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंड न उघडणारी पोरं ओपीडीत येतातच. त्यांचं तोंड किती उघडतं ते बोटांनी सांगू नका. वरच्या-खालच्या पुढच्या दातांतलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये घ्या, तीनदा घ्या. जन्मजात बहिरेपणाच्या अभ्यासात नात्यातल्या लग्नाची नोंद घ्यायची तर ‘नात्यात दिलंय का?’ एवढंच न विचारता मामाकडे की आत्याकडे ते विचारा, आणि आवाजात निवाडा येऊ देऊ नका.

वाटप आणि डोळ्यांवरची पट्टी

सोमवारचे पेशंट इकडे, गुरुवारचे तिकडे. किंवा एकाआड एक. किंवा सम-विषम ओपीडी नंबर. यातलं काहीही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, वाटप नाही. पुढचा पेशंट कोणत्या गटात जाणार हे आधी कळलं की अवघड कान नकळत दुसऱ्या गटात सरकवला जातो. संगणकावर क्रम काढा. तो तुमच्याकडे ठेवू नका, दुसऱ्या विभागातल्या कुणाकडून अपारदर्शक, चिकटवलेल्या, क्रमांक घातलेल्या पाकिटांत बंद करून घ्या. पाकीट संमतीनंतर, ओटीत उघडायचं.

सर्जनच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही, ते ठीक. पण ऑडिओलॉजिस्टला गट सांगायची गरज नाही. पडद्याचा एंडोस्कोपने फोटो काढा आणि दुसऱ्या कॉलेजातल्या एखाद्या सरांना गट न सांगता दाखवा. कूर्चा फोटोत ओळखू येते हे खरं. पण भोक उरलंय की नाही हे तरी तटस्थ माणूस सांगेल.

परत कसे येतील

आता मुख्य काम. दोन फोन नंबर घ्या आणि तो फोन कुणाच्या खिशात असतो ते लिहा. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो कॉलेजला जाणाऱ्या मुलाकडे असतो. शेजाऱ्याचा किंवा गावातल्या दुकानाचा नंबर घ्यायचा तर पेशंटला विचारून, आणि तिथं फोन केलात तर आजाराचं नाव काढू नका.

तारखा सणांनी सांगा. ‘३१ जुलै’ विसरली जाते, ‘पंचमीच्या आदल्या सोमवारी’ लक्षात राहते. पेशंटच्या तालुक्याचा बाजार कोणत्या दिवशी भरतो ते विचारा. तो त्या दिवशी घराबाहेर पडतोच, मग शक्य असेल तर फॉलोअप त्याच दिवशी ठेवा. भाड्याचा खर्च अभ्यासाच्या अंदाजपत्रकात धरा आणि समितीकडून मंजूर करून घ्या. प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च देणं हे आमिष ठरत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीपासून फुकट, त्यामुळे आकडा वाटतो तेवढा मोठा होत नाही. आणि फॉलोअपच्या पेशंटला नव्या केसपेपरच्या रांगेत उभं करू नका. दीडशे माणसांमागे तासभर उभा राहिलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. त्याच्या कार्डावर शिक्का मारा, मावशींना सांगून ठेवा, सरळ आत घ्या.

तरीही काही जण येणारच नाहीत. मग त्यांना चार्टमधून काढून टाकायचा मोह होतो. हिशोब करून बघा. ४१ जणांची सर्जरी झाली, ३० आले, त्यातल्या २७ जणांचा पडदा धरला. आलेल्यांत यश ९० टक्के. न आलेल्या सगळ्यांचा पडदा फाटला असं धरलं तर ६६ टक्के. खरं बहुधा कुठंतरी मधे आहे. पेपरात दोन्ही आकडे द्या आणि ११ जण का आले नाहीत ते लिहा. ‘ऊसतोडीला स्थलांतर’ हे कारण लिहायला लाजू नका. पुण्या-मुंबईच्या पेपरांत ते सापडत नाही, आणि आपल्या भागात पुढचा अभ्यास करणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

नोंदी, गणित आणि लिखाण

रोजच्या रोज भरा. खाडाखोड करायची तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. एक्सेलमध्ये नाव नको, क्रमांक घाला. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात. रिकामा रकाना रिकामाच ठेवा, सरासरी टाकून भरू नका. आपल्याकडचा सर्वांत मोठा संशोधन घोटाळा कसला असेल तर सबमिशनच्या आदल्या रात्री ‘भरलेल्या’ रकान्यांचा. तो उघडकीला येत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.

पी व्हॅल्यूच्या, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे सांगणाऱ्या आकड्याच्या, मागे लागू नका. फरक किती आणि त्याची ९५ टक्के मर्यादा (खरा फरक ज्या दोन आकड्यांत असावा ती) कुठून कुठवर, हे आधी लिहा. चाचणी असेल तर कन्सॉर्टची, निरीक्षण असेल तर स्ट्रोबची यादी (पेपरात काय काय लिहायचं याची) समोर ठेवून लिहिलं की काही राहत नाही. जर्नल निवडताना, ‘सात दिवसांत छापतो, एवढे पैसे पाठवा’ अशी मेल आली की ती तिथंच सोडा. आपल्या संघटनेचं इंडियन जर्नल ऑफ ऑटोलॅरिंगॉलॉजी अँड हेड अँड नेक सर्जरी आहे, पहिला पेपर तिथं पाठवायला हरकत नाही. लेखकांची नावं पाकिटं बनवायच्या आधी ठरवा, नंतर भांडणं होतात. ज्या ऑडिओलॉजिस्टने शंभर कान तपासले त्यांचं काम मसुदा वाचण्यापर्यंत आलं असेल तर त्यांचं नाव त्या यादीत असायला हवं.

पेपर गेला की एक काम उरतं. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की यादी काढून न आलेल्यांना पुन्हा फोन लावा. अभ्यासाची मुदत संपलेली असते, पण कानात भोक असेल तर ते बघायला हवंच. मी असा फोन लावला तेव्हा तो कर्नाटकवाला खरंच आला, सोबत काकवीची बाटली घेऊन. पडदा धरला होता. चार्टमध्ये तो अजून ‘आला नाही’ असाच आहे.